नाही म्हणजे नो नव्हे

टेन्सबाई लग्न करतायत, ही बातमी आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरून निघाली आणि गच्चीपर्यंत पोचता पोचता नवरदेव बोटीवरचा कप्तान झालेला होता. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी म्हणे सगळं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या स्वतःच्या लेकीसाठी बाजारपेठेतल्या लग्न जुळवणाऱ्या ऑफिसात गेल्या होत्या, तर जिन्यात कोण? टेन्सबाई! डोक्याला रुमाल गुंडाळलेला, ढगाळ दिवशी डोळ्यांवर काळा चष्मा.

"मी हाक मारली तर मान खाली घालून वर पळाली हो, सोळा वर्षांच्या पोरीसारखी," वहिनी सांगत होत्या.

"पण या वयात?" कुणीतरी विचारलं.

"वयाचं काय घेऊन बसलात? दात सगळे शाबूत आहेत."

आता खरं काय ते सांगायला हवं, नाहीतर बिचारा कप्तान उगाच किनाऱ्याला लागायचा. लग्न जुळवणारं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. बाई चढल्या तिसऱ्यावर. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या दारावर पिवळ्या अक्षरांत पाटी आहे: 'लाज सोडा, फाडफाड इंग्रजी बोला'. बाई तिथं शिकायला जात होत्या. यात बातमी ती काय, असं म्हणाल, तर बातमी ही, की बाई इंग्रजीच्याच शिक्षिका. एक पिढी त्यांच्या हाताखालून गेली. पोहायला शिकवणाऱ्यानं गावाबाहेर जाऊन, कुणी बघत नाही ना ते बघून, कमरेला डबा बांधून पाण्यात उतरावं, तशातली गत.

टेन्सबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. एक तर बाईंना काळांचं फार वेड. साधा, चालू, पूर्ण, चालू-पूर्ण असे बाराच्या बारा काळ त्या फळ्यावर रकाने आखून मांडायच्या, ते बघून एखाद्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्यालाही घाम फुटावा. दुसरं म्हणजे बाईंच्या कपाळाला कायम एक आठी. टेन्समुळं टेन्शन की टेन्शनमुळं टेन्स, यावर पोरांत दोन तट होते.

बाई राहतात आपल्या थोरल्या बहिणीबरोबर. ताई निवृत्त नर्स. दोघींनीही लग्न केलं नाही. एकीला वेळ मिळाला नाही आणि दुसरीला कुणी विचारलं नाही, पण कोण कुठली हे आजतागायत ठरलेलं नाही. इमारतीतली बातमी बाईंच्या कानावर घातली ती ताईनंच, भाजी निवडता निवडता.

"अगं, तुझं लग्न ठरलंय म्हणे."

"काय?"

"बोटीवर असतो. मला निदान फोटो तरी दाखवायचास."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून ताईच चपापली. राग नाही, लाज नाही. सुटकेचा निःश्वास.

"एवढंच म्हणतायत ना?" बाई म्हणाल्या. "मग म्हणू देत."

एखादी बाई पन्नाशीनंतर बोटीवरच्या कप्तानाशी नाव जोडलेलं चालवून घेते, तेव्हा समजावं की झाकलेली गोष्ट त्याहून लाजिरवाणी आहे. ती गोष्ट घडली होती शाळेच्या व्हरांड्यात, आणि घडायला एक शब्द पुरला होता.

मोठ्या ऑफिसातून एक बाई शाळा तपासायला आल्या होत्या. उंच, कापलेले केस, आणि तोंडात इंग्रजीशिवाय दुसरा घास नाही. त्या टेन्सबाईंच्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसल्या. नशीब बघा कसं असतं: त्या तासाला नेमकं श्रुतलेखन होतं. बाई एकेक इंग्रजी वाक्य वाचत होत्या, पोरं मुकाट्यानं लिहीत होती, पंख्याची घरघर सोडली तर वर्गात दुसरी भाषा नव्हती. एरवी बाईंचा तास कसा असतो ते पोरांना विचारा. एक ओळ वाचायची, तिचा आपल्या भाषेत अर्थ सांगायचा, अर्थाचा पुन्हा अर्थ सांगायचा, दोघांना कोपऱ्यात उभं करायचं, मग पुढची ओळ. पाऊण तासात इंग्रजी येतं ते भातात खडा यावा इतकंच.

तास संपल्यावर व्हरांड्यात मोठ्या बाईंनी हसत विचारलं, "सो, यू डोन्ट यूज युवर ओन लँग्वेज इन द क्लास?"

म्हणजे, तुम्ही वर्गात आपली भाषा वापरत नाही तर!

बाई सरळ माणूस. त्यांच्या मनात लगेच उत्तर आलं: नाही हो, वापरते की! न वापरून कसं चालेल? त्यातला पहिला शब्द तेवढा इंग्रजी होऊन तोंडातून बाहेर पडला, बाकीचे आतच अडकले.

"नो मॅडम! नो, नो!"

"नॉट अ सिंगल वर्ड?" मोठ्या बाईंचे डोळे चमकले. एक शब्दसुद्धा नाही?

एक शब्द कसला, ढीगभर! बाईंनी मान जोरजोरात हलवली. "नो, नो, नो!"

मोठ्या बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून दाबला, 'वंडरफुल' म्हणाल्या आणि गाडीत बसून गेल्या. बाईंना वाटलं, काय समजूतदार बाई! आपण खरं सांगितलं तर किती छान घेतलं तिनं.

पुढच्या आठवड्यात हेडमास्तर शिक्षकांच्या खोलीत आले ते हात जोडूनच. "बाई, नाव काढलंत शाळेचं! वर्गात आपल्या भाषेचा एक शब्द न बोलणारी अख्ख्या विभागात एकच शिक्षिका सापडली म्हणे, आणि ती आपली. आता आसपासच्या सगळ्या शाळांचे इंग्रजीचे शिक्षक आपल्या हॉलमध्ये येणार. तुम्ही नमुना पाठ घ्यायचा. सगळा इंग्रजीत! मग प्रश्नोत्तरं. तीही इंग्रजीत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गणिताचे सर म्हणाले, "आता आम्हाला पाणी मागायचं झालं तरी अर्ज इंग्रजीत करावा लागणार." आणि बाई... बाई हसल्या. आता खोटं कशाला बोला, त्यांना आवडलं. इतकी वर्षं त्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यांनी वह्या तपासल्या होत्या, आणि कुणी त्यांना खुर्चीपेक्षा फार वेगळं धरलं नव्हतं. मोठ्या बाईंचा काहीतरी गोड गैरसमज झाला असेल, होऊ दे, असा विचार करून त्या घरी आल्या.

घरी स्वयंपाकघरात पातेलं घासत होत्या. ताईनं बाहेरून विचारलं, "तू अजून रक्तदाबाची गोळी घेतली नाहीस?"

"नाही, घेतली की," बाई म्हणाल्या.

आणि नळ तसाच वाहत राहिला.

नाही, घेतली की. नाही म्हणजे, तू म्हणतेस ते बरोबर नाही. आपण समोरच्याच्या बोलण्याला हो-नाही म्हणतो. इंग्रजीत तसं नसतं. तिथं गोष्टीला हो-नाही म्हणायचं. घेतली असेल तर यस, नसेल तर नो, मग समोरचा काही का म्हणेना. हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. दरवर्षी त्या हे फळ्यावर लिहायच्या, खाली दोन रेघा मारायच्या, परीक्षेत घालायच्या आणि चुकलं की अर्धा मार्क कापायच्या. पोरांच्या वहीत त्यांनी हा नियम इतक्यांदा दुरुस्त केला होता की त्यांच्या हाताला तो पाठ होता. जिभेला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणजे आपण खरं बोललो आणि ते खोटं होऊन बाहेर पडलं! तेही 'नो' असं सहा वेळा, मान हलवून, जोर देऊन.

"नळ वाहतोय गं," ताई म्हणाली. "काय झालं?"

बाईंनी सांगितलं. ताई आधी पोट धरून हसली, आणि मग बहिणीचं तोंड बघून हसायची थांबली.

"उद्या जाऊन सांगून टाक. चुकून बोलले म्हणावं."

"काय सांगू? इंग्रजीच्या बाईंना हो आणि नाही यातला फरक कळत नाही, असं?"

तरी सकाळी त्या हेडमास्तरांच्या दारापर्यंत गेल्या. आत हेडमास्तर रंगाऱ्याला पाटीचा मजकूर सांगत होते आणि 'आदर्श'चा रफार नीट काढ म्हणून बजावत होते. बाई परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत गेल्या तर हेडमास्तरांनीच आत बोलावून पेढा द्यावा तसं कौतुक हातावर ठेवलं. त्यानंतर त्या दाराकडे गेल्याच नाहीत. चूक अनवधानानं झाली होती. तिच्यावर त्या बसून राहिल्या त्या मात्र जाणूनबुजून, कोंबडी अंड्यावर बसते तशा. आणि हे त्यांना कळत होतं, हीच तर खरी बोच होती.

अशा रीतीनं बाई काळा चष्मा लावून तिसऱ्या मजल्यावर पोचल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी काचेचं दार ढकललं, आणि सगळा वर्ग उभा राहिला. केस पिकलेले, हातात पिशवी, चालण्यात ती शिक्षिकेची ऐट. कुणालाही वाटावं याच मॅडम. इतक्या वर्षांची सवय, बाई म्हणून गेल्या, "सिट डाउन, सिट डाउन." सगळे बसले. बाईंनी खडूसाठी हात पुढेसुद्धा केला होता. तेवढ्यात मागून टाय लावलेला एक तरुण आत आला आणि अदबीनं म्हणाला, "मावशी, ॲडमिशन घ्यायचीये का? मागं जागा आहे बघा."

मावशी मागं जाऊन बसल्या. कानशिलं अशी तापली होती की त्यावर चहा उकळला असता.

टायवाल्या सरांनी प्रत्येकाला आपली ओळख करून द्यायला लावली. बाईंची पाळी आली. खरं सांगायची सोय नव्हती. त्या उठल्या आणि पुटपुटल्या, "आय ॲम हाउसवाइफ."

"अ हाउसवाइफ," सर प्रेमानं म्हणाले. "मध्ये एक छोटासा 'अ' असतो मावशी. त्याला विसरायचं नाही, तो रुसतो."

त्या रुसणाऱ्या 'अ'पायी बाईंनी पोरांचे किती अर्धे मार्क कापले असतील! सगळे एका पिशवीत भरले असते तर आणखी एखादा वर्ग पास झाला असता. बाई खाली बसल्या तेव्हा शेजारून दबकं हसू आलं. शेजारी एक आडदांड गडी बसला होता, शर्टावर ग्रीसचे डाग.

"बाई," तो कुजबुजला. "हाउसवाइफ?"

बाई पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

"ओळखलं नाही? मी शेवटच्या बाकावरचा. तुम्ही मला अपवाद म्हणायचात. प्रत्येक नियमाला एक अपवाद असतो, तो तू, असं. आता लिफ्ट दुरुस्तीची कामं घेतो."

बाईंना तो आठवला. "तू... तू इथं कसा?"

"तुमच्यामुळंच की, बाई."

एवढ्या लाजेतसुद्धा बाईंना जरा बरं वाटलं. शिक्षक असतोच तसला लोभी. "माझ्यामुळं?"

"हो ना. तुमच्याकडं सगळी वर्षं शिकलो, मार्कंही बरी पडली, पण तोंड उघडता येईना. मोठमोठ्या बिल्डिंगांत जातो, साहेब लोक इंग्रजीत विचारतात, लिफ्टला काय झालंय? मला लिफ्टचं सगळं माहिती, आणि तुमचे बारा काळही पाठ. पण बोलायला गेलं की बारापैकी एकही काळ मदतीला येत नाही. म्हणून आलो." मग बाईंचा चेहरा बघून त्यानं घाईघाईनं भर घातली, "स्पेलिंग मात्र आपलं एकदम पक्कं हां बाई! 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी सगळे माझ्याकडूनच लिहून घेतात."

त्याच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. मनात वाईट ठेवून बोलला असता तर बाईंनी चार शब्द सुनावले तरी असते.

"तुम्ही शिकवायला आलात ना इथं?" त्यानं विचारलं.

"शिकायला," बाई म्हणाल्या.

तो आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवून म्हणाला, "ही घ्या. तुमची हलतीये."

पुढं रोज तास संपल्यावर दोघं जिन्याच्या वळणावर उभे राहून सराव करायचे. बाईंनी त्याला सगळी हकीकत सांगितली होती. तो उलटसुलट प्रश्न विचारायचा आणि बाई धडपडायच्या.

"यू डोन्ट ईट मीट?"

"यस. नाही... नो! नो, आय डोन्ट."

"यू आर नॉट ॲफ्रेड ऑफ मी?"

"नो. म्हणजे... थांब जरा."

"भिताय की नाही ते आधी ठरवा बाई, मग इंग्रजी." तो हसायचा. त्याचं स्वतःचं इंग्रजी म्हणजे खडबडीत रस्त्यावरून जाणारी हातगाडी. काळ चुकायचा, वचन चुकायचं, पण गाडी पुढं जायची. बाईंची गाडी चकाचक, चाकांना तेल दिलेलं, आणि जागेवरून हलायची नाही.

"मी म्हणतो, एवढा जीव कशाला खाताय?" एकदा तो म्हणाला. "सरळ सांगून टाकायचं की."

"कसं सांगू रे?"

"तोंडानं."

घरी जाताना बाई विचार करायच्या. शाळेत पोरांच्या तोंडी एकच इंग्रजी वाक्य जिवंत आहे: मे आय गो टू टॉयलेट? तेवढं पहिलीपासून दहावीपर्यंतच्या कुठल्याही पोराला विचारा, अडखळणार नाही. का, तर ते खरोखर लागतं. बाकी सगळी वाक्यं आपण त्यांना घालून ठेवायला दिली, कपाटात नवी भांडी ठेवतात तशी. पाहुणे आले की काढायची. आणि पाहुणे आले तेव्हा आपल्याच हातून ती निसटली. इतकी वर्षं मार्क दिले, पगार घेतला, निरोप समारंभाला पोरांनी वाकून नमस्कार केले. ते नमस्कार आठवले की बाई रस्त्यातच डोक्यावरचा रुमाल आणखी पुढं ओढून घ्यायच्या.

पाठाचा दिवस जवळ आला तसे हेडमास्तर युक्त्या सांगू लागले. "मुलांना प्रश्न आणि उत्तरं आधीच देऊन ठेवा. सगळे तेच करतात. आणि पुढच्या तीन बाकांवरचीच पोरं घ्या, कमी पडली तर दुसऱ्या तुकडीतून हुशार पोरं उसनी आणू. मागच्या बाकांना त्या दिवशी सुट्टी देऊन टाका."

बाई 'बरं' म्हणाल्या. यालाही 'बरं' म्हणाल्या. घसरगुंडीवर बसलेल्या माणसाला मध्येच उभं राहता येत नाही. त्यांनी पोरांकडून पाठ घोटून घेतला. कोणी कुठं हात वर करायचा, कोणी कुठं हसायचं, सगळं. आदल्या दिवशी शाळा सुटताना त्या पुढच्या बाकांना सूचना देत होत्या, तेव्हा शेवटच्या बाकावरची चष्मेवाली मुलगी दप्तर पाठीला लावून पुढं आली. ही फारसं बोलत नसे. तिच्या वहीत लाल शाई जास्त आणि निळी कमी.

"बाई, उद्या आम्ही नाही यायचं ना?"

तक्रार नव्हती. नीट समजून घेत होती बिचारी, उगाच चूक नको म्हणून. तिनं बाईंचं सगळं काम सोपं करून ठेवलं होतं. फक्त 'हो' म्हणायचं. हो, नाही यायचं. बाईंच्या जिभेवर तो 'हो' आलाही. पण तिच्या चष्म्यामागच्या डोळ्यांत त्यांना दिसलं, की हिला यात वावगं काही वाटतच नाहीये. मागच्या बाकानं घरी राहायचं, हे आपण हिला शिकवलंय, आणि इतक्या वर्षांत आपलं हेच एक शिकवणं पुरतं अंगी मुरलंय.

"नाही," बाई म्हणाल्या. "यायचं. सगळ्यांनी यायचं."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. इतक्या शाळांचे इंग्रजीचे शिक्षक एका छताखाली, आणि हॉलमध्ये इंग्रजीचा एक शब्द नाही. सगळे आपापल्या बदल्यांबद्दल आपल्या भाषेत बोलत होते. मोठ्या बाई येऊन पहिल्या रांगेत बसल्या तशी एकदम शांतता पसरली. मागच्या बाकांवरची पोरं बघून हेडमास्तरांनी बाईंकडे असं पाहिलं, की त्यांच्या हातात छडी असती तर बाईंना अंगठे धरायला लावले असते.

पाठ सुरू झाला. घोटून घेतलेलं सगळं बिनबोभाट चाललं होतं. बाई विचारत, पुढचे बाक म्हणत. एखादा हसायचा तिथं हसत होता. मोठ्या बाई मान डोलवत होत्या. आणि मग, कुणास ठाऊक का, बाईंची नजर मागं गेली. चष्मेवाली खाली बघत होती. बाईंनी ठरवून ठेवलेला प्रश्न तिला विचारला. तिला कुठून येणार? उत्तरं वाटली तेव्हा तिला वाटणीत धरलंच नव्हतं. ती उभी राहिली.

"यू डोन्ट नो द आन्सर?" बाईंनी हळूच विचारलं. तुला उत्तर येत नाही?

मुलीनं प्रामाणिकपणे सांगितलं, "यस, बाई."

हॉल हसला. मोठे, शिकलेले, चष्मे लावलेले शिक्षक खो खो हसले. मोठ्या बाईंनीही तोंडाला रुमाल लावला. त्या मुलीला आपलं काय चुकलं ते कळेना. तिनं आधी आपल्या बाह्यांकडे पाहिलं, मग बुटांकडे, काही फाटलंय का म्हणून.

बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"हसू नका," त्या म्हणाल्या. आपल्या भाषेत. "ती बरोबर बोलली. आपल्या पद्धतीनं बोलली. हो, मला येत नाही. आपण असंच बोलतो. हीच चूक मी व्हरांड्यात केली, म्हणून आज तुम्ही सगळे इथं बसलाय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. व्हरांडा, प्रश्न, सहा वेळा म्हटलेला 'नो'. वर्गात आपण आपली भाषाच जास्त बोलतो, हे. पुढच्या बाकांकडून पाठ घोटून घेतला, हेही. त्या खाली बघून बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी सवयीनं फळ्यावर दोन रकानेही आखले: आपण माणसाच्या बोलण्याला हो म्हणतो, इंग्रजी माणूस गोष्टीला हो म्हणतो. मागच्या रांगेतले दोन-तीन शिक्षक ते गुपचूप उतरवून घेऊ लागले, पण बाईंना ते दिसलं नाही. दिसलं असतं तरी त्यांना त्याचं काही वाटलं नसतं. त्यांना फक्त खाली बसायचं होतं.

मोठ्या बाई उभ्या राहिल्या. आवाज बर्फासारखा.

"सो, यू वर नॉट टेलिंग मी द ट्रूथ दॅट डे?" म्हणजे त्या दिवशी तुम्ही मला खरं सांगत नव्हता?

पुन्हा तसलाच प्रश्न! सगळा हॉल बाईंच्या तोंडाकडे बघू लागला. यस म्हणावं की नो, हे त्या क्षणी त्या हॉलमध्ये फार तर दोघांना ठाऊक असेल. गणिताचे सर बोटांवर काहीतरी मोजत होते. बाईंनी डोळे मिटले. ओठ नुसतेच हलले. जिना, ग्रीसचे डाग, यस, नाही, नो, थांब जरा.

"यस मॅडम, आय वॉज," बाई म्हणाल्या. हो, खरंच सांगत होते. मग एक मोठा श्वास घेऊन, "दॅट डे, यस. आफ्टर दॅट डे, नो."

त्या दिवशी हो. त्यानंतर नाही.

मोठ्या बाई पर्स उचलून गाडीकडे गेल्या. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. बाहेर चहाच्या टेबलाजवळ लोक हळू आवाजात बोलत होते, बाई जवळून गेल्या की गप्प होत होते. चष्मेवालीनं मात्र जाता जाता फळ्यावरचे दोन रकाने वहीत लिहून घेतले आणि "बाई, बघा ना, बरोबर आहे?" म्हणून वही पुढं केली. बाईंनी बरोबरची खूण केली. सवयीनं ती चुकीच्या खुणेसारखीच उमटली, म्हणून त्यांनी पुन्हा नीट काढली.

रिकाम्या हॉलमध्ये हेडमास्तरांनी त्यांना गाठलं. त्यांना राग नीट करताही येत नव्हता. इतकी वर्षं त्यांनी बाईंवर कधी आवाज चढवला नव्हता. फळ्यासमोर एक येरझार घालून ते थांबले.

"बाई, मी काय सांगू आता वर? शाळेचं नाक कापलंत हो! एवढी वर्षं तुम्ही इथं नक्की शिकवलंत काय?"

बाईंनी फळा पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"शिकवलं सगळं, सर. शिकायचं तेवढं राहून गेलं."